टकरीतला 'ई': १ ही किंमत येते कुठून?

टेबल टेनिसच्या चेंडूची एक ठरलेली परीक्षा असते. पोलादाच्या ठोकळ्यावर तो ३०.५ सेंमी उंचीवरून सोडायचा. उसळून २४ ते २६ सेंमीपर्यंत आला तर पास. खेळाच्या टेबलाचा नियम मात्र वेगळा आहे. ३० सेंमीवरून सोडलेला चेंडू टेबलावरून साधारण २३ सेंमी उसळला पाहिजे. चेंडू तोच, सोडायची उंची जवळपास तीच, तरी उसळी कमी. म्हणजे 'या चेंडूची उसळी अमुक' हे बोलणंच अर्धवट आहे. उसळी एकट्या चेंडूची नसते. चेंडू आणि तो ज्यावर आपटतो ती वस्तू, अशा जोडीची ती असते.

या जोडीच्या वागण्याला जो आकडा देतात तो कोइफिशंट ऑफ रेस्टिट्यूशन. वर्गात आणि क्लासमध्ये त्याला सगळे नुसतं 'ई' म्हणतात, आपणही तेच म्हणू. व्याख्या सोपी आहे:

ई = (टकरीनंतर एकमेकांपासून दूर जाण्याचा वेग) ÷ (टकरीआधी एकमेकांच्या जवळ येण्याचा वेग)

दोन्ही वेग सापेक्ष आहेत, जमिनीवर उभं राहून मोजलेले नाहीत. ओल्या मातीचा गोळा भिंतीवर मारला आणि तिथेच चिकटला, तर दूर जाण्याचा वेग शून्य, म्हणून ई शून्य. जितक्या वेगाने जवळ आले तितक्याच वेगाने लांब गेले, तर ई १. खऱ्याखुऱ्या चेंडू-गोट्या या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात.

पुस्तकात लिहिलेलं असतं की स्थितिस्थापक टकरीत ई = १. ही व्याख्याच आहे असं समजून बरेच जण ते पाठ करतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. स्थितिस्थापक टकरीची व्याख्या ऊर्जेची आहे: टकरीआधीची एकूण गतिज ऊर्जा आणि नंतरची एकूण गतिज ऊर्जा सारखी. त्या व्याख्येत ई कुठेच नाही. ई = १ हे त्यातून काढावं लागतं. काढायला चार ओळी पुरतात, पण त्यातली एक ओळ दिसते तितकी साधी नाही.

हा विषय जुना आहे. १६६८ च्या सुमाराला लंडनच्या रॉयल सोसायटीत टकरींच्या नियमांवर चर्चा सुरू झाली, आणि जॉन वॉलिस, क्रिस्टोफर रेन आणि ख्रिस्तियान हायगेन्स या तिघांनी आपापली उत्तरं मांडली. न्यूटनने पुढे १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त १० फूट लांबीचे लंबक एकमेकांवर सोडून केलेले प्रयोग दिले, तेही हवेच्या विरोधाचा हिशेब वजा करून. घट्ट गुंडाळलेल्या लोकरीच्या गोळ्यांसाठी त्याला ५ : ९ हे गुणोत्तर मिळालं, म्हणजे ई सुमारे ०.५६. पोलादाचं जवळपास तेवढंच, बुचाचं किंचित कमी, आणि काचेचं १५ : १६, म्हणजे ०.९४. पोलाद लोकरीच्या पंगतीला बसलेलं पाहून आज नवल वाटतं, कारण बेअरिंगमधली कडक पोलादी गोळी जाड कडक पत्र्यावर सोडली तर ई ०.९ च्या वर सहज जातो. दोन्ही पोलादंच, पण घडण आणि कडकपणा वेगळा.

आता मांडणी. एकाच सरळ रेषेत धावणाऱ्या दोन ट्रॉल्या घेऊ, घर्षण नाही असं धरू. त्यांची वस्तुमानं म१ आणि म२, टकरीआधीचे वेग उ१ आणि उ२, नंतरचे व१ आणि व२. उजवीकडे जाणारा वेग अधिक, डावीकडे जाणारा उणे. ही खूण एकदा ठरली की मध्येच बदलायची नाही.

संवेग (वस्तुमान गुणिले वेग) अक्षय्य:

म१उ१ + म२उ२ = म१व१ + म२व२

गतिज ऊर्जा अक्षय्य:

½म१उ१² + ½म२उ२² = ½म१व१² + ½म२व२²

पहिल्या ट्रॉलीचं सगळं डावीकडे आणि दुसरीचं सगळं उजवीकडे न्यायचं. दुसऱ्या समीकरणातला ½ दोन्ही बाजूंनी जातो.

म१(उ१ − व१) = म२(व२ − उ२) … (१)

म१(उ१² − व१²) = म२(व२² − उ२²) … (२)

इथे कंसांचा क्रम नीट पाहा. डावीकडे 'आधीचा उणे नंतरचा' आणि उजवीकडे 'नंतरचा उणे आधीचा'. पहिलीने जेवढं गमावलं तेवढं दुसरीने कमावलं, एवढाच त्याचा अर्थ. दोनपैकी एका समीकरणात उजवीकडेही सवयीने 'आधीचा उणे नंतरचा' लिहिला की शेवटी उ१ + व१ = −(उ२ + व२) असं भलतंच काहीतरी येतं आणि मग चूक शोधत बसावं लागतं. उत्तरपत्रिकेत सगळ्यात जास्त घसरगुंडी याच ओळीवर होते.

(२) मधल्या वर्गांच्या वजाबाक्या फोडू:

म१(उ१ − व१)(उ१ + व१) = म२(व२ − उ२)(व२ + उ२)

याला (१) ने भागलं की वस्तुमानं आणि पहिले कंस दोन्हीकडून उडतात. उरतं ते:

उ१ + व१ = उ२ + व२

म्हणजेच

उ१ − उ२ = व२ − व१

डावीकडे आहे जवळ येण्याचा वेग, उजवीकडे दूर जाण्याचा. दोन्ही सारखे, म्हणून

ई = (व२ − व१) ÷ (उ१ − उ२) = १

वस्तुमानं कुठे गेली ते बघा. शेवटच्या ओळीत म१ नाही, म२ नाही. टेंपो आणि सायकल असो की दोन गोट्या, टक्कर स्थितिस्थापक असेल तर जवळ येण्याचा आणि दूर जाण्याचा वेग सारखाच. उलट दिशेनेही हे खरं आहे. संवेग अक्षय्य आहे आणि ई = १ आहे एवढं दिलं, तर याच ओळी खालून वर वाचत गेलं की गतिज ऊर्जा अक्षय्य असल्याचं सिद्ध होतं.

आता ती अवघड ओळ: भागाकार. आपण (उ१ − व१) ने भागलं. ती राशी शून्य असती तर? शून्याने भागता येत नाही, म्हणजे ती शून्य नाही असं आपण न बोलता गृहीत धरलं. शून्य म्हणजे व१ = उ१, पहिल्या ट्रॉलीचा वेग बदललाच नाही, म्हणजेच टक्कर झालीच नाही. गंमत अशी की हे 'उत्तर'ही दोन्ही मूळ समीकरणांत चपखल बसतं. टक्कर न होता दोन ट्रॉल्या एकमेकींतून आरपार गेल्या, तरी संवेग तोच आणि ऊर्जाही तीच. त्या वेळी व२ − व१ ची किंमत −(उ१ − उ२) येते, म्हणजे ई = −१. वर्गसमीकरणाला दोन उत्तरं असतात, त्यातलं हे दुसरं. वस्तू एकमेकींतून जात नाहीत ही गोष्ट ना संवेगाला ठाऊक, ना ऊर्जेला. ती आपण भागाकाराच्या पायरीवर हळूच आत घालतो. परीक्षेत या जागी 'टक्कर झाली असल्याने उ१ ≠ व१' एवढं वाक्य लिहावं. नुसतं 'भागून' लिहिण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं.

आकडे घालून बघू. २ किग्रॅची ट्रॉली ४ मी/से वेगाने उजवीकडे चालली आहे. समोरून १ किग्रॅची ट्रॉली २ मी/से वेगाने डावीकडे येते आहे, म्हणजे उ२ = −२. जवळ येण्याचा वेग ४ − (−२) = ६ मी/से. उणे चिन्ह विसरून तो २ धरला की पुढचं सगळं गणित चुकतं, आणि समोरासमोरच्या टकरीत नेमकं हेच होतं. एक साधी तपासणी करावी: समोरासमोर येणाऱ्यांच्या वेगांची बेरीज होते, पाठलागात वजाबाकी.

एकूण संवेग २×४ + १×(−२) = ६. ई = १ म्हणून व२ − व१ = ६, आणि संवेगावरून २व१ + व२ = ६. दोन्ही सोडवली की व१ = ० आणि व२ = ६. जड ट्रॉली जागच्या जागी थांबली, हलकी ६ मी/से ने उलट निघाली. आधीची ऊर्जा १६ + २ = १८ ज्यूल, नंतरची ० + १८ = १८ ज्यूल. जुळलं. ऊर्जेचं वर्गांचं समीकरण सोडवावंच लागलं नाही, हा ई चा खरा फायदा. दोन सरळ समीकरणांत काम भागतं.

त्याच ट्रॉल्यांमध्ये आता ई = ०.५ घेऊ. दूर जाण्याचा वेग ३, संवेग तोच. व१ = १, व२ = ४. ऊर्जा १ + ८ = ९ ज्यूल, निम्मी गेली. आणि ई = ०, म्हणजे चिकटल्या तर? दोघी मिळून २ मी/से ने जातात, ऊर्जा ६ ज्यूल. पूर्ण अस्थितिस्थापक टक्कर म्हटलं की सगळी ऊर्जा संपते असा एक समज आहे. इथे १८ पैकी ६ ज्यूल शिल्लक राहिलेच, आणि राहायलाच हवेत. संवेग ६ आहे आणि तो कुणी पुसू शकत नाही, म्हणून ३ किग्रॅच्या जोडीला २ मी/से ने पुढे जाणं भागच आहे.

म्हणजे ऊर्जेच्या दोन थैल्या आहेत असं धरायचं. एका थैलीत जोडी मिळून पुढे जाते आहे त्याची ऊर्जा, इथे ६ ज्यूल. तिला टक्कर हात लावू शकत नाही. दुसऱ्या थैलीत दोघी एकमेकींच्या सापेक्ष हलताहेत त्याची ऊर्जा, इथे १२ ज्यूल. तिचं सूत्र असं:

सापेक्ष ऊर्जा = ½ × [म१म२ ÷ (म१ + म२)] × (सापेक्ष वेग)²

चौकोनी कंसातल्या राशीला रिड्यूस्ड मास म्हणतात. आपल्या ट्रॉल्यांसाठी ती ⅔ किग्रॅ, म्हणून ½ × ⅔ × ३६ = १२. आता ई = १ का येतो ते एका ओळीत दिसतं. एकूण ऊर्जा कायम आणि पहिली थैली कायम, तर दुसरीही कायम. तिच्यात सापेक्ष वेगाचा वर्ग सोडला तर बदलण्याजोगं काही नाही, म्हणून सापेक्ष वेगाचं परिमाण कायम. वर्ग असल्यामुळे अधिक की उणे हे ऊर्जा सांगत नाही, आणि मघाचा −१ इथूनच डोकावला होता.

रेस्टिट्यूशन हा शब्दही याच थैलीतून समजतो. टक्कर क्षणात उरकते, पण तिचे दोन टप्पे असतात. आधी वस्तू दबतात. दबत दबत एक क्षण असा येतो की दोघींचा वेग अगदी सारखा होतो, आपल्या उदाहरणात २ मी/से. त्या क्षणी सापेक्ष ऊर्जेचे सगळे १२ ज्यूल दबलेल्या पदार्थात स्प्रिंगसारखे साठलेले असतात, निदान आदर्श टकरीत तरी. मग वस्तू पुन्हा मूळ आकाराला येऊ लागतात आणि एकमेकींना ढकलतात. पूर्ण परतफेड झाली तर ई १. काही भाग उष्णता, आवाज, थरथर किंवा कायमचा पोचा यांत गेला तर ई कमी.

परतफेडीचा हिशेब मात्र ई चा नसतो, ई² चा असतो. ई = ०.५ असताना १२ पैकी ३ ज्यूल परत आले, म्हणजे पाव भाग, आणि ६ + ३ = ९ हे वरच्या उत्तराशी जुळतं. 'ई अर्धा म्हणजे ऊर्जा अर्धी' हे चूक. एकूण ऊर्जाही निम्मी झाली तो केवळ निवडलेल्या आकड्यांचा योगायोग. गेलेल्या ऊर्जेचं सूत्र म्हणून सरळ लिहिता येतं: दुसऱ्या थैलीच्या (१ − ई²) पट.

कोणत्याही ई साठी नंतरचे वेग असे येतात:

व१ = [(म१ − ई म२)उ१ + (१ + ई)म२उ२] ÷ (म१ + म२)

व२ = [(म२ − ई म१)उ२ + (१ + ई)म१उ१] ÷ (म१ + म२)

ही सूत्रं पाठ करण्यापेक्षा संवेग आणि ई अशी दोन समीकरणं दर वेळी मांडलेली बरी. पण सूत्रं कॅरमवर लावून बघायला मजा येते. नियमाप्रमाणे स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा, सोंगटी ५ ते ५.५ ग्रॅमची. स्थिर सोंगटीला सरळ, मध्यावर मारलं, सोंगटी ५ ग्रॅमची धरली आणि ई १ धरला, तर सोंगटी स्ट्रायकरच्या दीडपट वेगाने सुटते आणि स्ट्रायकर अर्ध्या वेगाने तिच्याच मागे जातो. ई ०.८ धरला तरी सोंगटी १.३५ पट, स्ट्रायकर ०.५५ पट. स्ट्रायकर टकरीच्या क्षणीच थांबायला म१ = ई म२ लागेल, म्हणजे ई = ३, जे अशक्य. भोकासमोरच्या सोंगटीला सरळ जोरात मारलं की मागोमाग स्ट्रायकरही आत जातो आणि फाऊल होतो, त्यात खेळणाऱ्याच्या नशिबाचा काही दोष नाही. त्याला थांबवतं ते फक्त बोर्डाचं घर्षण, म्हणून तिथे हलका हात हवा. सोंगटी तिरकी लागली तर वरचा सगळा हिशेब फक्त दोघांचे मध्य जोडणाऱ्या रेषेवरच्या वेगाला लावायचा. त्या रेषेला काटकोनात असलेला वेग, कडांचं घर्षण सोडलं तर, जसाच्या तसा राहतो.

वस्तुमानं सारखी आणि ई १ असेल तर वेगांची नुसती अदलाबदल होते. गोट्यांचा नेमबाज उडवलेल्या गोटीने जमिनीवरची गोटी हाणतो तेव्हा मारणारी गोटी तिथेच बसते आणि दुसरी सुटते, ते यामुळे. घरंगळत गेलेली गोटी मात्र टकरीनंतर क्षणभर थांबून पुन्हा थोडी पुढे सरकते. टकरीत तिचा पुढे जाण्याचा वेग गेला, पण फिरकी शाबूत राहिली, आणि जमिनीच्या घर्षणाने त्या फिरकीने तिला पुन्हा पुढे ओढलं. भरीव गोटीसाठी हा उरलेला वेग मूळ वेगाच्या २/७ येतो, आणि मार खाल्लेली गोटी घरंगळायला लागेपर्यंत ५/७ वर उतरते.

ई घरी मोजायचा असेल तर चेंडू आणि फरशी ही जोडी सगळ्यात सोपी. पृथ्वी हलत नाही असं धरलं की जवळ येण्याचा वेग म्हणजे पडतानाचा आणि दूर जाण्याचा म्हणजे उसळतानाचा. वेग उंचीच्या वर्गमुळाच्या पटीत असतो, म्हणून

ई = √(उसळीची उंची ÷ सोडायची उंची)

टेनिसच्या नेहमीच्या चेंडूला २५४ सेंमीवरून सोडल्यावर १३५ ते १४७ सेंमी उसळावं लागतं, म्हणजे ई ०.७३ ते ०.७६. वरच्या टेबल टेनिस चेंडूचा ठोकळ्यावरचा ई ०.८९ ते ०.९२, टेबलावरचा ०.८८ च्या आसपास.

पट्टी लावून उसळी मोजण्यापेक्षा आवाजाने मोजणं कितीतरी अचूक, कारण चेंडू वर क्षणभरच थांबतो आणि डोळा तो क्षण चुकवतो. दोन टप्प्यांमधला हवेतला वेळ उसळीच्या वेगाच्या पटीत असतो, म्हणून

ई = (पुढच्या उसळीचा वेळ) ÷ (आधीच्या उसळीचा वेळ)

फोन फरशीवर ठेवून रेकॉर्डिंग चालू करायचं, चेंडू साधारण १ मीटरवरून अलगद सोडायचा, 'टप, टप, टप' असे चार-पाच आवाज मिळू द्यायचे. रेकॉर्डिंग संगणकावर ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडलं की प्रत्येक टप्पा टोकदार उभ्या रेघेसारखा दिसतो. प्रत्येक टोकाच्या सुरुवातीची वेळ वाचायची, उंच भागाची नाही. फायफॉक्स नावाच्या मोफत ॲपमध्ये तर हा प्रयोग तयारच आहे. ई ०.७५ असेल आणि चेंडू १ मीटरवरून सोडला असेल, तर पहिल्या तीन उसळ्यांचे वेळ ०.६७८, ०.५०८ आणि ०.३८१ सेकंद येतील. लागोपाठच्या आकड्यांचा भागाकार दर वेळी ०.७५. चेंडू सोडल्याची वेळ लागतच नाही, हा या पद्धतीचा आणखी एक फायदा. चेंडू सोडल्यापासून पूर्ण थांबेपर्यंतचा वेळही काढता येतो: √(२ह ÷ ग) × (१ + ई) ÷ (१ − ई), ज्यात ह ही सोडायची उंची आणि ग = ९.८. इथे तो ३.१६ सेकंद. कागदावर उसळ्या अनंत आहेत, तरी तीन-साडेतीन सेकंदांत संपतात.

आकडे जुळत नसतील तर आधी फरशी ठोकून बघावी. खाली सिमेंट नीट न बसलेली, पोकळ वाजणारी टाइल स्वतः थरथरते आणि ऊर्जा खाते. त्याच चेंडूचा ई शेजारच्या टाइलवर वेगळा येतो. चेंडू सोडताना बोटांनी फिरकी दिली तर तो तिरका उसळतो आणि पुढचे वेळ बिघडतात. उंची मोजत असाल तर दोन्ही वेळा चेंडूच्या खालच्या टोकापासून मोजा. सोडताना वरचं टोक आणि उसळीत खालचं टोक धरलं तर साडेसहा सेंमीच्या टेनिस चेंडूला १ मीटरवर साडेसहा टक्क्यांची चूक बसते. वर्गमुळामुळे ई मध्ये ती साधारण निम्मी होते, तरी ती चूकच. हवेचाही विचार करायला हवा. टेबल टेनिसचा चेंडू २.७ ग्रॅमचा, ४० मिमीचा. ३० सेंमीवरून पडताना शेवटी हवेचा विरोध त्याच्या वजनाच्या ७-८ टक्के असतो, पण २ मीटरवरून सोडला तर जवळपास निम्म्यापर्यंत जातो. म्हणून हलक्या चेंडूला कमी उंची बरी.

एवढं सगळं सांभाळूनही लागोपाठचे भागाकार किंचित वाढत जातात, उदाहरणार्थ ०.७४, ०.७५, ०.७६. ही मोजणीतली चूक नसते. बहुतेक पदार्थांत जोराने आपटलं की ई थोडा कमी होतो, कारण पदार्थ जास्त दबतो आणि जास्त वाया जातं. ई हा पदार्थांच्या जोडीचा कायमचा आकडा नाही. वेग, तापमान आणि आकार यांवर तो हलतो. स्क्वॅशचे खेळाडू सामन्याआधी चेंडू भिंतीवर हाणून गरम करतात, कारण थंड चेंडू नीट उसळतच नाही. म्हणून दोन चेंडूंची तुलना करायची तर एकाच उंचीवरून आणि एकाच जागी करावी.

घरात ई = १ कुठेच मिळत नाही. टपकन आवाज आला म्हणजेच थोडी ऊर्जा गेली. खरी स्थितिस्थापक टक्कर पाहायची तर अणूंकडे जावं लागतं. १९१४ मध्ये जेम्स फ्रांक आणि गुस्टाव्ह हर्ट्झ यांनी पाऱ्याच्या वाफेतून इलेक्ट्रॉन सोडले. ४.९ इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन अणूंवर आपटून तसेच परतत होते, आणि तेवढी ऊर्जा होताच अणू ती गिळू लागले. अणूला आतमध्ये थोडी-थोडी ऊर्जा घेताच येत नाही, म्हणून त्या मर्यादेखाली वाया जायला जागाच नसते. चेंडूच्या रबरात मात्र थरथरायला असंख्य रेणू बसलेले असतात.

अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनच्या बऱ्याच टकरीही अशाच. विखंडनातून, म्हणजे अणू फुटण्यातून, निघालेला न्यूट्रॉन फार वेगवान असतो आणि युरेनियम-२३५ ला फोडायला तो हळू असलेला बरा. त्याला हळू करायचं ते टकरींनी, आणि कुठल्या अणूवर आपटवायचा हे वरचीच सूत्रं सांगतात. स्थिर अणूवर सरळ आपटला तर ई = १ धरून न्यूट्रॉनच्या ऊर्जेचा किती भाग अणूकडे जातो, तर ४म१म२ ÷ (म१ + म२)². युरेनियम-२३८ वर आपटला तर १.७ टक्के, म्हणजे भिंतीवर चेंडू आपटावा तसा. कार्बनवर २८ टक्के. जड पाण्यातल्या ड्युटेरियमवर, म्हणजे दुप्पट जड हायड्रोजनवर, ८९ टक्के. साध्या हायड्रोजनवर पूर्ण १०० टक्के, गोटीवर गोटी आपटावी तसे. मग साधं पाणीच का नको? कारण साधा हायड्रोजन न्यूट्रॉन हळू करता करता त्यातले बरेचसे गिळूनही टाकतो. म्हणून साध्या पाण्याच्या भट्टीला युरेनियम समृद्ध करून, म्हणजे त्यातलं युरेनियम-२३५ चं प्रमाण वाढवून, द्यावं लागतं, आणि जड पाण्याची भट्टी नैसर्गिक युरेनियमवर चालते. पालघर जिल्ह्यात तारापूरला दोन्ही जाती एकाच आवारात आहेत: पहिल्या दोन भट्ट्या साध्या पाण्याच्या, तिसरी आणि चौथी जड पाण्याच्या.